एकच औषध, वेगळी माणसे : सर आर्चिबाल्ड गॅरड

कर्करोगाच्या वेदनेवर दिलेली एकच गोळी एका रुग्णाला शांत झोप देते आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाला रात्रभर तळमळत ठेवते. या फरकाचे मूळ जन्मतः लाभलेल्या शरीररसायनात असू शकते, हा विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडणाऱ्या ब्रिटिश वैद्याच्या जीवनकार्याची ही ओळख.

औषधाने वेदना थांबत नाही, असे सांगणाऱ्या रुग्णावर फार पूर्वीपासून संशय घेतला जात आला आहे. त्याची सहनशक्ती कमी असेल, तो घाबरट असेल किंवा त्याला औषधाची चटक लागली असेल, असे निष्कर्ष घाईने काढले जातात. कर्करोगासारख्या दुर्धर आजारात तर हा संशय मूळ वेदनेइतकाच क्लेशदायक ठरतो. आपण खोटे बोलत नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी अंथरुणाला खिळलेल्या माणसावरच येऊन पडते. औषध शरीरात गेल्यावर त्याचे काय होते, हे प्रत्येकाच्या बाबतीत सारखे नसते आणि हा वेगळेपणा माणूस जन्मतःच घेऊन येतो, ही गोष्ट वैद्यकाला उमगण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ज्या माणसाने त्या विचाराचा पाया घातला, ते सर आर्चिबाल्ड गॅरड वेदनाशामकांचे तज्ज्ञ नव्हते आणि कर्करोगाचेही नव्हते. त्यांना कुतूहल होते ते मूत्राच्या रंगाचे.

वैद्यकाचा वारसा

आर्चिबाल्ड एडवर्ड गॅरड यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८५७ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील सर आल्फ्रेड बेअरिंग गॅरड हे तत्कालीन वैद्यकातील मोठे नाव होते. गाउट, म्हणजे वातरक्त या विकारात रुग्णाच्या रक्तातील युरिक आम्ल वाढलेले असते, हे त्यांनी दाखवून दिले होते. रक्तद्रवात एक साधा धागा सोडून ठेवायचा आणि त्यावर युरिक आम्लाचे स्फटिक जमतात का ते पाहायचे, ही त्यांची परीक्षा वैद्यकीय रसायनशास्त्राच्या इतिहासात नोंदली गेली आहे. रोग ओळखण्यासाठी नाडी आणि जीभ पाहणे पुरेसे नाही, शरीरातील रसायनांकडेही पाहिले पाहिजे, हा धडा आर्चिबाल्ड यांना घरातच मिळाला.

मार्लबरो येथील शाळा आणि ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. निसर्गविज्ञानात प्रथम श्रेणी मिळवून त्यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले. काही काळ व्हिएन्ना येथेही ते अभ्यासासाठी राहिले. १८८६ मध्ये त्यांचा विवाह लॉरा एलिझाबेथ स्मिथ यांच्याशी झाला. त्यापुढची वाट मात्र सोपी नव्हती. मोठ्या रुग्णालयांतील वरच्या जागा मोजक्या असत आणि त्या रिकाम्या होण्याची वाट पाहण्यात उमेदीची वर्षे निघून जात. सेंट बार्थोलोम्यूजमध्ये पूर्ण दर्जाचे वैद्य म्हणून नियुक्ती होईपर्यंत गॅरड यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती.

या प्रदीर्घ प्रतीक्षेत त्यांनी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयात काम केले आणि मूत्रातील रंगद्रव्यांचा अभ्यास हाती घेतला. पुढे जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळविणारे फ्रेडरिक गाउलँड हॉपकिन्स हे या अभ्यासात त्यांचे सहकारी होते. वरवर पाहता क्षुल्लक वाटावा असाच हा विषय. परंतु याच अभ्यासाने त्यांना वैद्यकातील एका मोठ्या प्रश्नापर्यंत नेले.

काळ्या डागांचे कोडे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅरड यांच्याकडे एक तान्हे मूल आले. त्याचे मूत्र हवेशी संपर्क येताच काळपट होई आणि लंगोटावर न जाणारे डाग पडत. अल्काप्टोन्यूरिया हा तो विकार. तो अत्यंत दुर्मीळ होता आणि त्याची माहितीही तुटपुंजी होती. होमोजेंटिसिक आम्ल नावाचा पदार्थ मूत्रातून बाहेर पडल्यामुळे हा रंग येतो, इतके रसायनतज्ज्ञांनी शोधले होते. मात्र हे आम्ल आतड्यातील कुठल्याशा जंतूंमुळे तयार होते, अशी तेव्हाची प्रचलित समजूत होती. म्हणजे हा एक प्रकारचा संसर्ग आहे, असेच मानले जात होते.

गॅरड यांना ही समजूत पटेना. संसर्ग असेल तर तो केव्हा तरी सुरू व्हायला हवा, कमीजास्त व्हायला हवा. इथे तर विकार जन्मापासून असे आणि आयुष्यभर तसाच राही. मधली स्थिती आढळत नसे. एक तर माणूस पूर्णपणे अल्काप्टोन्यूरिक असे किंवा मुळीच नसे. त्याच कुटुंबात १९०१ मध्ये आणखी एक मूल जन्माला येणार होते. गॅरड यांनी परिचारिकेला नवजात बाळाच्या लंगोटांवर बारकाईने लक्ष ठेवण्यास सांगितले. जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच तो ओळखीचा डाग दिसू लागला. इतक्या अल्पावधीत बाहेरचा जंतू आतड्यात वस्ती करून असा परिणाम घडवील, हे संभवनीय नव्हते. विकार बाळाच्या घडणीतच होता.

याच सुमारास दुसरी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. या मुलांचे आईवडील एकमेकांची चुलत-मावस अशा जवळच्या नात्यातील भावंडे होती. त्यांनी इतर रुग्णांच्या कुटुंबांची चौकशी केली. तेथेही निकटच्या नात्यातील विवाहांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगे निघाले, मात्र त्या आईवडिलांना स्वतःला हा विकार नव्हता.

मेंडेलच्या नियमांशी गाठ

ग्रेगर मेंडेल यांचे वाटाण्यावरील प्रयोग तीन-चार दशके विस्मृतीत गेले होते. १९०० मध्ये त्यांचा पुन्हा शोध लागला. इंग्लंडमध्ये या नियमांचा हिरिरीने पुरस्कार करणारे विल्यम बेटसन यांच्या दृष्टीस गॅरड यांची निरीक्षणे पडली. आईवडील दोघेही निरोगी, पण दोघांकडूनही तोच अप्रभावी गुण आला तर अपत्यात विकार प्रकट होतो, हे मेंडेल यांच्या नियमाशी तंतोतंत जुळत होते. जवळच्या नात्यातील जोडप्यांत असा सामायिक गुण असण्याची शक्यता अधिक, हेही त्यातून उलगडले. मानवी विकाराला मेंडेल यांचा नियम लावून दाखविण्याचे हे पहिलेच उदाहरण.

डिसेंबर १९०२ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात गॅरड यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी रासायनिक व्यक्तित्व ही संकल्पना आणली. माणसांचे चेहरे, उंची, केसांचा रंग वेगवेगळे असतात, तसेच त्यांच्या शरीरातील रासायनिक क्रियांचे मार्गही अगदी एकसारखे नसतात, असा त्यांचा आशय होता. अल्काप्टोन्यूरिया हे या वेगळेपणाचे टोकाचे, म्हणून सहज नजरेत भरणारे उदाहरण. बाकीचे वेगळेपण इतके सूक्ष्म असते की ते लक्षात येत नाही. ते कुठे जाणवू शकेल, याचा विचार करताना गॅरड यांनी औषधांना मिळणाऱ्या वेगवेगळ्या प्रतिसादाचाही उल्लेख केला. तोवर अशा प्रतिसादाला प्रकृतीचा लहरीपणा म्हणून बाजूला सारले जात असे.

१९०८ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्यांनी क्रूनियन व्याख्याने दिली आणि पुढच्या वर्षी ती ग्रंथरूपाने आली. अल्काप्टोन्यूरिया, वर्णहीनता म्हणजे अंगी कोड नसताही जन्मतः रंगद्रव्याचा अभाव, सिस्टिन्यूरिया आणि पेंटोस्यूरिया या चार विकारांची त्यांनी एकत्र मांडणी केली. शरीरात अन्नाचे विघटन साखळीसारखे टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्पा एखादे विकर, म्हणजेच एन्झाइम पार पाडते. एखादे विकर जन्मतःच नसेल, तर साखळी तेथे तुटते आणि अडकलेला पदार्थ साचतो किंवा बाहेर टाकला जातो, असे त्यांचे अनुमान होते. त्या काळी विकरे म्हणजे नेमकी काय, हेही स्पष्ट नव्हते. जनुक हा शब्दसुद्धा नुकताच रूढ होऊ लागला होता.

मान, दुःख आणि उपेक्षा

१९१० मध्ये गॅरड रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी माल्टा येथे लष्करी वैद्यकीय सल्लागार म्हणून काम केले आणि १९१८ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. मात्र त्याच युद्धाने त्यांचे घर उजाड केले. तीन मुलांपैकी एक १९१५ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये युद्धात कामी आला. उरलेला तिसरा युद्ध संपल्यावर १९१९ च्या आरंभी जर्मनीतील कोलोन येथे फ्लूच्या साथीत गेला. मुलगी डोरोथी तेवढी राहिली. पुढे तीच पुरातत्त्वशास्त्रातील अग्रगण्य विदुषी झाली आणि १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील पहिली महिला प्राध्यापक ठरली.

इतक्या आघातांनंतरही गॅरड यांनी काम सोडले नाही. सर विल्यम ऑस्लर यांच्या निधनानंतर १९२० मध्ये ऑक्सफर्डच्या रीजिअस प्राध्यापकपदावर त्यांची नेमणूक झाली. तेथून ते १९२७ मध्ये निवृत्त झाले. १९३१ मध्ये त्यांचे शेवटचे महत्त्वाचे पुस्तक आले. काही दुर्मीळ विकारांपुरता मर्यादित असलेला आपला विचार त्यांनी त्यात सर्वच रोगांपर्यंत नेला. एकाच रोगाला दोन माणसे वेगळ्या रीतीने का सामोरी जातात, याचे उत्तर त्यांच्या जन्मजात घडणीतही शोधले पाहिजे, हा त्याचा गाभा होता.

या विचाराला तत्काळ प्रतिसाद मिळाला नाही. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना चार विचित्र विकारांत स्वारस्य नव्हते. जीवरसायनतज्ज्ञांना आनुवंशिकता परकी होती. आनुवंशिकीचे अभ्यासक फळमाशा आणि मका यांत रमले होते. २८ मार्च १९३६ रोजी केंब्रिज येथे गॅरड यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या कार्याचे खरे मोल फार थोड्यांना कळले होते. त्या थोड्यांपैकी एक होते जे. बी. एस. हाल्डेन. हॉपकिन्स यांच्या केंब्रिजमधील विभागात काम केलेल्या हाल्डेन यांनी व्यक्तीव्यक्तींतील रासायनिक भेदांचा विषय पुढे नेला. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथेच स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे कर्करोगानेच त्यांचे निधन झाले.

जनुक आणि विकर यांचे नाते १९४१ मध्ये बुरशीवरील प्रयोगांतून सिद्ध करणारे जॉर्ज बीडल यांनी १९५८ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना गॅरड यांचे ऋण मान्य केले. त्याच वर्षी अल्काप्टोन्यूरियाच्या रुग्णाच्या यकृतात ते विशिष्ट विकर नसल्याचे प्रयोगाने दिसले. विकाराचे जनुक १९९६ मध्ये सापडले. अनुमान पन्नास वर्षांनी आणि पुरावा जवळपास शंभर वर्षांनी पूर्ण झाला.

लहरीपणा नव्हे, आनुवंशिकता

औषधांबाबतचे गॅरड यांचे सूचन खरे ठरू लागले ते १९५० च्या दशकात. हिवतापावरील प्रायमाक्विनने काही सैनिकांच्या तांबड्या पेशी फुटत, त्यामागे एका विकराची जन्मजात उणीव असल्याचे १९५६ मध्ये आढळले. क्षयरोगावरील आयसोनियाझिड काहींच्या शरीरातून झपाट्याने, तर काहींच्या शरीरातून रेंगाळत बाहेर पडते, हेही समजले. १९५९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रिड्रिख फोगेल यांनी या अभ्यासाला फार्माकोजेनेटिक्स हे नाव दिले.

वेदनाशामकांशी थेट संबंध जोडणारा दुवा मिळाला तो लंडनमध्ये, काहीसा अपघातानेच. १९७५ मध्ये सेंट मेरीज रुग्णालयातील संशोधक रॉबर्ट स्मिथ यांनी डेब्रिसोक्विन या रक्तदाबावरील औषधाची मात्रा अभ्यासासाठी स्वतः घेतली. सहकाऱ्यांना विशेष काही झाले नाही, स्मिथ यांचा रक्तदाब मात्र एकदम कोसळला. त्यांच्या शरीरात हे औषध निष्प्रभ करणारे विकर काम करीत नव्हते. आज ते सीवायपी२डी६ या नावाने ओळखले जाते. यकृतातील हेच विकर अनेक औषधांवर प्रक्रिया करते आणि त्यांत कोडीन व ट्रॅमाडॉल ही वेदनाशामकेही आहेत.

कोडीनचे गणित

कोडीन स्वतः फारसे वेदनाशामक नाही. घेतलेल्या कोडीनचा साधारण ५ ते १० टक्के भाग या विकरामुळे मॉर्फिनमध्ये बदलतो आणि वेदना शमवण्याचे काम मुख्यतः हे मॉर्फिनच करते. ज्याच्या जनुकातून हे विकर तयारच होत नाही, त्याला कोडीनचा जवळजवळ उपयोग होत नाही. मळमळ आणि बद्धकोष्ठ मात्र त्यालाही भोगावे लागू शकते. युरोपीय वंशाच्या लोकांत अशांचे प्रमाण ५ ते १० टक्के मानले जाते. आशियाई लोकांत ते त्याहून कमी आढळते.

याच्या उलट, काहींच्या गुणसूत्रावर या जनुकाच्या जादा प्रती असतात. त्यांच्या शरीरात कोडीनचे मॉर्फिन प्रमाणाबाहेर वेगाने होते. इथिओपिया आणि उत्तर आफ्रिकेतील लोकसमूहांत असे लोक बरेच आढळतात. नेहमीचीच मात्रा त्यांना गुंगी आणू शकते, प्रसंगी श्वास मंदावू शकतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेल्या काही मुलांच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कठोर इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना हे औषध निषिद्ध ठरविले.

कर्करोगाच्या उपचारांत या गणिताला विशेष महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगवेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सुचविली होती. पहिल्या पायरीवर साधी वेदनाशामके, दुसरीवर कोडीनसारखी सौम्य अफूजन्य औषधे आणि तिसरीवर मॉर्फिन. ज्याच्या शरीरात कोडीनचे मॉर्फिन होतच नाही, तो दुसऱ्या पायरीवर निष्कारण अडकून पडतो. शिवाय कर्करोगाचा रुग्ण एकाच वेळी अनेक औषधे घेत असतो. नैराश्यावरील पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे याच विकराला अडवतात. मग जनुके उत्तम असूनही कोडीन निकामी ठरते. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेनलाही प्रभावी रूप धारण करण्यासाठी हेच विकर लागते.

मॉर्फिनपाशी अडलेली वाट

यावरून प्रत्येक रुग्णाची जनुके तपासली की वेदनेचा प्रश्न सुटला, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. मॉर्फिनला सीवायपी२डी६ ची गरज लागत नाही. ते थेट मज्जासंस्थेतील ग्राहकांवर काम करते. या ग्राहकाच्या ओपीआरएम१ या जनुकात एका अक्षराचा फरक आढळतो. ज्यांच्यात तो आई आणि वडील अशा दोन्हींकडून आला आहे, त्यांना मॉर्फिन अधिक लागते, असे नॉर्वेतील कर्करोगाच्या सुमारे शंभर रुग्णांच्या अभ्यासात २००४ मध्ये दिसले. असे रुग्ण त्या अभ्यासात अवघे चार होते, तरी त्यातून मोठी आशा निर्माण झाली.

ती तपासण्यासाठी युरोपातील ११ देशांतील २,२९४ कर्करुग्णांचा अभ्यास झाला. २५ जनुकांतील ११२ फरक पारखण्यात आले. २०११ मध्ये निष्कर्ष आला, की यांपैकी एकाही फरकावरून रुग्णाला अफूजन्य औषधाची किती मात्रा लागेल हे खात्रीने सांगता येत नाही. गाठ हाडात आहे की नसेत, मूत्रपिंड किती चालते, वय काय, मनावर किती भार आहे, अशा अनेक गोष्टींनी वेदना आणि मात्रा ठरते. त्यात एका जनुकाचा वाटा लहान असतो. म्हणूनच जनुकांनुसार औषध देण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना कोडीन आणि ट्रॅमाडॉलबाबत ठाम आहेत. विकर अजिबात नसलेल्यांना तसेच ते अतिवेगाने काम करणाऱ्यांना ही औषधे टाळावीत, असे त्या सांगतात. ओपीआरएम१ वरून औषध ठरविण्याइतका पुरावा नाही, हेही त्याच सूचनांत नमूद आहे.

दरम्यान, मध्यम वेदनेतही सौम्य औषधांऐवजी थेट अल्प मात्रेत मॉर्फिन देणे अधिक परिणामकारक असल्याचे इटलीतील एका तुलनात्मक अभ्यासात २०१६ मध्ये आढळले. त्या वाटेने गेल्यास कोडीनचा जनुकीय अडसरच उरत नाही. अर्थात, त्यासाठी मॉर्फिन उपलब्ध असावे लागते. भारतात औषधी वापरासाठी अफूचे कायदेशीर पीक घेतले जाते, तरी अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील जाचक परवान्यांमुळे येथील कर्करुग्णांना मॉर्फिन दुर्मीळच राहिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची पद्धत सुटसुटीत करण्यात आली.

ऐकून घेण्याचा धडा

गॅरड यांच्याजवळ जनुकचाचणी नव्हती आणि डीएनएची रचना त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी उलगडली. त्यांच्याजवळ होती ती डागाकडे दुर्लक्ष न करण्याची वृत्ती. एका आईने दाखविलेले काळे लंगोट त्यांनी क्षुल्लक मानले नाहीत. नेहमीच्या साच्यात न बसणाऱ्या रुग्णाला त्यांनी अपवाद म्हणून बाजूला केले नाही. अपवादातच सर्वांना लागू पडणारा नियम दडलेला असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

कर्करोग विभागात वेदनेची चाचणी करणारे यंत्र आजही नाही. रुग्ण सांगतो तीच वेदना. गोळीने आराम पडत नाही, हे त्याचे सांगणे त्याच्या यकृतातील एखाद्या विकराविषयीची पहिली बातमी असू शकते, औषधांच्या आपसातील विरोधाची खूण असू शकते किंवा रोग पुढे सरकल्याची सूचना असू शकते. यांपैकी काय खरे, ते शोधणे डॉक्टरांचे काम आहे. त्याची सुरुवात मात्र रुग्णावर विश्वास ठेवण्यापासून होते.